कॅल्शियम सुटते तेव्हा स्नायूत नेमके काय घडते?

प्रश्न असा विचारला आहे: "कॅल्शियम बाहेर पडते आणि स्नायू आकुंचन पावतो, एवढे सगळ्या पुस्तकांत असते. पण कॅल्शियम नेमके करते काय? ते स्नायूला ऊर्जा देते का? ते येते कुठून? आणि कॅल्शियममुळेच स्नायू आवळला जात असेल, तर रक्तातले कॅल्शियम कमी झालेल्या माणसाचे स्नायू ढिले पडायला हवेत. त्याला उलट पेटके का येतात?" यातला शेवटचा प्रश्न सर्वांत चांगला आहे, आणि त्याचे उत्तर नीट पटायचे असेल तर आधीच्या तिन्हींकडे बारकाईने पाहावे लागते. मी आधी शरीरक्रियाशास्त्र शिकवले आणि पुढे भूलतज्ज्ञ म्हणून काम केले. या विषयाने दोन्हीकडे पाठ सोडली नाही, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. कॅल्शियम स्नायूला ओढत नाही, ढकलत नाही आणि ऊर्जाही पुरवत नाही. ओढण्याचे काम मायोसिन हे प्रथिन करते आणि त्या कामाची किंमत एटीपी हा पेशीचा ऊर्जावाहक रेणू चुकवतो. एवढेच नव्हे, तर कॅल्शियम येण्याच्या आधीच एटीपी फोडून झालेला असतो. शिथिल स्नायूत मायोसिनच्या डोक्याने एटीपीचे एडीपी आणि फॉस्फेट असे दोन तुकडे करून ते दोन्ही आपल्या खोबणीत धरून ठेवलेले असतात, आणि ते डोके ताणलेल्या प्रत्यंचेसारखे सज्ज असते. तरीही ते ओढत नाही, कारण ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यावर जिथे पकड घ्यायची ती जागा झाकलेली असते. कॅल्शियम ते झाकण बाजूला सरकण्याची सोय करते. बाकी सगळी यंत्रणा, म्हणजे विद्युत आवेग, नलिका, साठे आणि पंप, ही त्या कॅल्शियमला वेळेवर आणण्यासाठी आणि वेळेवर परत नेण्यासाठी उभी आहे.

आता ते झाकण जवळून पाहू. स्नायुतंतूच्या आत सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटर लांबीचे सार्कोमिअर, म्हणजे आकुंचनाचे छोटे घटक, एकापुढे एक लागलेले असतात आणि प्रत्येकात मायोसिनचे जाड व ॲक्टिनचे बारीक धागे एकमेकांत सरकलेले असतात. आकुंचनात धागे आखूड होत नाहीत, ते फक्त एकमेकांवरून सरकतात; हे १९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी दाखवून दिले, आणि योगायोगाने दोन्ही गटांत हक्सली आडनावाचा एक एक शास्त्रज्ञ होता, ज्यांचे परस्परांशी काही नाते नव्हते. बारीक धाग्याच्या कडेने ट्रोपोमायोसिनचा लांबट, दोन पदरी रेणू पसरलेला असतो. असा एक रेणू ॲक्टिनच्या सात घटकांना पुरतो. प्रत्येक ट्रोपोमायोसिनवर ट्रोपोनिनचा एक संच बसलेला असतो आणि त्या संचात तीन प्रथिने असतात. टी हा घटक संचाला ट्रोपोमायोसिनशी बांधून ठेवतो, आय हा घटक ॲक्टिनला धरून ट्रोपोमायोसिनला अडथळ्याच्या जागी रोखून धरतो, आणि सी हा घटक कॅल्शियमची वाट पाहत असतो.

ट्रोपोनिन सीच्या रेणूला दोन गोलसर टोके असतात. हाडांना जोडलेल्या स्नायूंत प्रत्येक टोकाला कॅल्शियम बसण्याच्या दोन, अशा एकूण चार जागा असतात. त्यातल्या एका टोकाच्या दोन जागा विश्रांतीतही कॅल्शियमने किंवा मॅग्नेशियमने भरलेल्याच असतात, आणि त्यांचे काम केवळ रेणूला जागेवर धरून ठेवण्याचे असते. खरा खेळ दुसऱ्या टोकाच्या दोन जागांचा. त्या विश्रांतीत रिकाम्या असतात. तिथे कॅल्शियम बसले की ते टोक किंचित उघडते आणि आतला, पाण्याशी फटकून राहणारा पृष्ठभाग उघडा पडतो. ट्रोपोनिन आयचा एक छोटा पट्टा ॲक्टिनला सोडून त्या खोबणीत जाऊन बसतो. ॲक्टिनवरची आयची पकड सुटताच ट्रोपोमायोसिन धाग्याच्या परिघावरून थोडे बाजूला सरकते आणि मायोसिनच्या जागा मोकळ्या होऊ लागतात.

"होऊ लागतात" असे मी मुद्दाम म्हटले. एकट्या कॅल्शियममुळे ट्रोपोमायोसिन पूर्णपणे बाजूला होत नाही. ते अशा ठिकाणी येऊन थांबते की जिथे मायोसिनचे डोके कमकुवतपणे चिकटू शकते. मग पहिली काही डोकी घट्ट पकड घेतात आणि तीच ट्रोपोमायोसिनला आणखी ढकलून शेजारच्या जागाही मोकळ्या करतात. त्यामुळे स्नायूचा प्रतिसाद सरळ रेषेत वाढत नाही. पेशीपटल काढून टाकलेल्या तंतूला मोजून कॅल्शियम दिले, तर लिटरमागे ०.१ मायक्रोमोलला जवळजवळ काहीच बळ निर्माण होत नाही, १ मायक्रोमोलच्या आसपास ते झपाट्याने चढते, आणि १० मायक्रोमोलला पूर्ण बळ मिळते. म्हणजे शंभर पटींच्या टप्प्यात स्नायू पूर्ण शिथिल अवस्थेपासून पूर्ण ताणापर्यंत जातो. विद्यार्थ्यांना मी हा आलेख नेहमी स्वतःच्या हाताने काढायला लावत असे, कारण त्याचा चढ किती उभा आहे हे वाचून कळत नाही.

जागा मोकळी झाल्यावर मायोसिनचे डोके ॲक्टिनला पकडते, फॉस्फेट बाहेर पडते, डोक्याला जोडलेला दांडा झुकतो आणि धागा ५ ते १० नॅनोमीटर सरकतो. मग एडीपी सुटतो. पुढचा एटीपी येऊन बसला की पकड सुटते, तो एटीपी फोडला जातो, डोके पुन्हा सज्ज होते. कॅल्शियम टिकून आहे तोवर हे चक्र चालू राहते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढे लागणार आहे: पकड घेण्यासाठी कॅल्शियम लागते, पण पकड सोडण्यासाठी एटीपी लागतो.

आता प्रश्न येतो तो कॅल्शियमच का, हा. पेशीत मॅग्नेशियमही असते आणि तोही दोन धन प्रभारांचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आहे. परंतु मुक्त, म्हणजे कशालाही न चिकटलेले, मॅग्नेशियम पेशीद्रवात लिटरमागे मिलिमोलच्या घरात, कायमचे आणि जवळजवळ स्थिर असते. जे सदैव भरपूर आहे त्याच्या येण्याजाण्यातून कोणताही संदेश देता येत नाही. शिवाय मॅग्नेशियम आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवते आणि प्रथिनाच्या खोबणीत बसण्यासाठी ते सोडायला वेळ घेते, तर कॅल्शियमच्या भोवतालचे पाणी त्याच्या हजारो पट वेगाने बदलते. कॅल्शियमच्या बाबतीत पेशीची दुसरीही अडचण आहे. पेशीत फॉस्फेट मुबलक असते, आणि कॅल्शियम जास्त झाले तर त्याचा फॉस्फेटबरोबर साका बनेल. म्हणून प्रत्येक पेशी कॅल्शियम सतत बाहेर फेकत असते. रक्तातले मुक्त कॅल्शियम लिटरमागे १.१ ते १.३ मिलिमोल असते, तर विश्रांतीतल्या स्नायूच्या पेशीद्रवात ते ०.१ मायक्रोमोल किंवा त्याहूनही कमी असते, म्हणजे फरक दहा हजार पटींहून मोठा. पार्श्वभूमी इतकी स्वच्छ असल्यामुळेच थोडेसे कॅल्शियमही ठळकपणे जाणवते.

हा आकडा डोळ्यांसमोर आणण्यासाठी एक छोटा हिशेब करून पाहा. एक मायक्रोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा पेशीद्रवाच्या ठोकळ्यात विश्रांतीच्या वेळी मुक्त कॅल्शियमचे आयन किती असतील? अवघे साठ. त्याच ठोकळ्यात ट्रोपोनिन सीचे रेणू मात्र चाळीस हजारांहून अधिक असतात आणि प्रत्येकाला दोन आयन हवे असतात. म्हणजे पेशीद्रवातले मुक्त कॅल्शियम ०.१ वरून १० मायक्रोमोलपर्यंत चढले, हे वर्णन बरोबर असले तरी अपुरे आहे. प्रत्यक्षात साठ्यातून लिटरमागे काहीशे मायक्रोमोल कॅल्शियम बाहेर पडते, त्यातले बहुतेक सुटताक्षणीच ट्रोपोनिनला आणि इतर प्रथिनांना चिकटते, आणि मोजमापात दिसते ती फक्त उरलेली, मोकळी राहिलेली मात्रा. पुस्तकातल्या आकृतीत दोन-चार ठिपके दाखवून भागवलेले असते. वस्तुस्थिती अशी आहे की प्रत्येक झटक्याला आयनांचा लोंढा येतो आणि जातो.

कॅल्शियमच्या या कामाचा शोध कसा लागला हे थोडक्यात सांगतो, कारण त्यातली एक अडचण पुढच्या उत्तराला उपयोगी आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडकत ठेवत असत. ते द्रावण नळाच्या पाण्याने बनवले गेले होते, हे त्यांच्या ध्यानात आले. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच हृदय मंदावले आणि थांबले, आणि कॅल्शियम घातल्यावर पुन्हा धडकू लागले. ही गोष्ट १८८३ सालची. हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या बाबतीत मात्र असे सरळ उत्तर मिळेना. १९४७ साली हाइलब्रुन आणि व्हिएरचिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायुतंतूंच्या आत कॅल्शियम पोहोचवले तेव्हा तंतू आखडले. सोडियम, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमने तसे झाले नाही. यावर शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी गणिताने आक्षेप घेतला, आणि तो आक्षेप रास्त होता. स्नायुतंतूची जाडी ५० ते १०० मायक्रोमीटर असते. पृष्ठभागावरून आत शिरलेला पदार्थ केवळ पसरत पसरत मध्यापर्यंत पोहोचायचा म्हटले तर सेकंदाच्या घरात वेळ लागेल, आणि स्नायू तर काही मिलिसेकंदांत संपूर्ण जाडीभर जागा होतो.

हिल यांच्या आक्षेपातून निष्कर्ष एकच निघतो: संदेश आत नेणारे काहीतरी वेगवान हवे आणि कॅल्शियमचा साठा धाग्यांच्या अगदी शेजारी हवा. दोन्ही गोष्टी सापडल्या. पेशीपटलच जागोजागी आत वळून अतिशय बारीक नलिकांचे जाळे बनवते. यांना टी-नलिका म्हणतात. सस्तन प्राण्यांत प्रत्येक सार्कोमिअरला अशा नलिकांचे दोन पट्टे मिळतात. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हा संदेशवाहक पदार्थ सुटून पृष्ठभागावर उठलेला विद्युत आवेग या नलिकांतून खोलवर उतरतो. नलिकेच्या दोन्ही अंगांना सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पिशव्यांच्या जाळ्याचे फुगीर भाग टेकलेले असतात, आणि कॅल्शियमचा साठा तिथे असतो. आत कॅल्सिक्वेस्ट्रिन नावाचे प्रथिन आहे, ज्याचा एक रेणू कितीतरी डझन आयन सैलपणे धरून ठेवतो. त्यामुळे प्रचंड साठा असूनही आतल्या मुक्त कॅल्शियमचे प्रमाण आटोक्यात राहते. या साठ्यापासून धाग्यांपर्यंतचे अंतर जेमतेम एक मायक्रोमीटर, म्हणजे पसरत जायलाही मिलिसेकंदाच्या आसपासचाच वेळ.

नलिका आणि पिशवी यांच्यात सुमारे १२ नॅनोमीटरची फट आहे. विद्युत आवेग ती ओलांडत नाही. मग पिशवीला कळते कसे? माझ्या मते संपूर्ण विषयातला हा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि परीक्षेच्या उत्तरांत हाच सर्वाधिक चुकतो. नलिकेच्या पटलात डायहायड्रोपिरिडीन रिसेप्टर नावाचे प्रथिन असते. रचनेने ते कॅल्शियमची वाट आहे. म्हणून विद्यार्थी लिहितात की आवेग आला, ही वाट उघडली, बाहेरचे कॅल्शियम आत आले आणि त्याने पिशवी उघडली. हृदयात खरोखर असेच होते. हातापायांच्या स्नायूंत मात्र हे प्रथिन वाट म्हणून नव्हे, तर विद्युतदाब ओळखणारा खटका म्हणून काम करते. दाब बदलताच त्याचे प्रभारित भाग पटलाच्या आत जागा बदलतात, आणि ती हालचाल थेट समोरच्या रायनोडीन रिसेप्टरपर्यंत पोहोचते. हा रिसेप्टर म्हणजे पिशवीचे दार. ज्ञात आयनवाटांमध्ये तो सर्वांत अवाढव्य: चार समान प्रथिनांचा, प्रत्येकात सुमारे पाच हजार अमिनो आम्ले. त्याचा मोठा भाग फटीत बाहेर आलेला असतो आणि त्याच्या चार भागांसमोर नलिकेतले चार खटके चौकोनात मांडलेले दिसतात.

याचा पुरावा एका साध्या प्रयोगात मिळतो आणि तो समोर घडताना पाहिला की विसरता येत नाही. बेडकाचा एक स्नायू एका भांड्यात आणि हृदयाची एक पट्टी दुसऱ्या भांड्यात टांगायची, दोन्हींना तारेने नोंदयंत्र जोडायचे आणि विजेचे ठरावीक झटके देत राहायचे. नंतर दोन्हीकडचे द्रावण बदलून कॅल्शियमविरहित द्रावण घालायचे आणि उरलेसुरले कॅल्शियमही बांधून टाकणारे रसायन त्यात मिसळायचे. थोड्याच वेळात हृदयाच्या नोंदीतली शिखरे बुटकी होत जातात आणि रेष सपाट होते. शेजारी स्नायूची शिखरे मात्र पूर्वीसारखी उठत राहतात. त्याच्या बाहेर कॅल्शियम नाही, तरी तो आकसतो आहे, कारण त्याला लागणारे सगळे कॅल्शियम आतच आहे आणि दार उघडण्यासाठी बाहेरच्या आयनाची गरज नाही. यात एक मेख आहे. झटका थेट स्नायूला द्यायचा. चेतातंतूमार्फत दिला तर स्नायूही बंद पडेल, कारण चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटण्यासाठी बाहेरचे कॅल्शियम अनिवार्य असते. ही मेख न कळल्यामुळे प्रयोगाचा उलटा अर्थ लावलेली मंडळी मी पाहिली आहेत.

पुढे रेणूंच्या पातळीवरही याची खात्री झाली. जन्मतःच हा खटका नसलेल्या उंदरांच्या स्नायुपेशींना आवेग येतो पण आकुंचन होत नाही. १९८८ साली तानाबे, बीम, नुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पेशींत या प्रथिनाचा जनुकीय नमुना घातल्यावर आकुंचन परतले. नंतर त्यांनी हृदयातले प्रथिन घालून पाहिले, तेव्हा आकुंचन होऊ लागले पण ते बाहेरच्या कॅल्शियमवर अवलंबून राहिले. हृदयाच्या प्रथिनात स्नायूच्या प्रथिनाचा केवळ एक वळसा बसवला, आणि पेशी पुन्हा बाहेरच्या कॅल्शियमशिवाय आकसू लागली.

हृदयाचे वेगळेपण एका परिच्छेदात उरकतो, कारण प्रश्न त्याचा नव्हता. तिथे बाहेरून आलेले थोडे कॅल्शियम रायनोडीन रिसेप्टरला चिकटून तो उघडते, आणि पिशवीतले पुष्कळ कॅल्शियम सुटते. हृदयाच्या ट्रोपोनिन सीमध्ये निर्णायक जागा दोन नसून एकच असते, आणि सामान्य ठोक्यात सगळ्या जागा भरतही नाहीत. म्हणून अधिक कॅल्शियम सुटले की ठोका अधिक जोरदार होतो. ॲड्रेनलीन हाच हातखंडा वापरते. हातापायांच्या स्नायूंत बळ वाढवायचे असेल तर मेंदू अधिक तंतू कामाला लावतो किंवा आवेगांची वारंवारता वाढवतो. रक्तवाहिन्या व आतड्यांच्या मऊ स्नायूंत तर ट्रोपोनिनच नसते. तिथे कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला चिकटते, त्यातून एक एन्झाइम जागे होते आणि ते मायोसिनलाच फॉस्फेट जोडून कामाला लावते. आयन तोच, पण आधीच्या ठिकाणी ॲक्टिनवरचा अडसर दूर होतो आणि इथे मायोसिनला चालना मिळते.

आकुंचनाबद्दल सगळे विचारतात, शिथिल होण्याबद्दल कोणी विचारत नाही. खरे तर खर्चिक भाग तोच आहे. आवेग ओसरला की रायनोडीन रिसेप्टर बंद होतो, परंतु सुटलेले कॅल्शियम आपोआप परत जात नाही. पिशवीच्या पटलावर दाटीवाटीने बसलेले पंप ते उचलून आत टाकतात आणि दर दोन आयनांमागे एक एटीपी खर्च करतात. स्नायूच्या एका झटक्यातल्या एकूण ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश वाटा या वाहतुकीवर जातो. पेशीद्रवातले कॅल्शियम घटले की ट्रोपोनिन सीवरचेही सुटते, आय पुन्हा ॲक्टिनला धरते आणि झाकण जागेवर येते. एका झटक्याचा कालक्रम पाहिला तर सर्वांत आधी काही मिलिसेकंदांचा विद्युत आवेग, मग कॅल्शियमची लाट, आणि सर्वांत शेवटी बळ. बळ शिखरावर पोहोचते तोवर कॅल्शियम उताराला लागलेले असते. पंपाने साफसफाई पुरी करण्याआधीच पुढचा आवेग आला तर ताण पहिल्यावर चढतो, आणि आवेग पुरेसे जलद आले तर सलग, अखंड आकुंचन मिळते.

मृत्यूनंतर शरीर ताठरते त्याचे कारण आता सहज लागेल. एटीपी संपतो, पंप थांबतात, कॅल्शियम गळून धाग्यांपाशी येते आणि मायोसिन पकड घेते. पण पकड सोडवायला एटीपी नसतो. काही तासांत ताठरपणा येतो आणि पुढे प्रथिनांचेच विघटन होऊ लागेपर्यंत टिकतो.

जिवंत माणसात हे दार नको तेव्हा उघडे राहिले तर काय होते, हे भूलतज्ज्ञाला पक्के ठाऊक असावे लागते. काही लोकांच्या रायनोडीन रिसेप्टरमध्ये जन्मजात बदल असतो. एरवी त्यांना काहीच त्रास नसतो, पण हॅलोथेन, सेव्होफ्लुरेन यांसारखे भुलीचे वायू किंवा भूल देताना वापरले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध दिले की दार उघडे राहते आणि कॅल्शियम अखंड सुटत राहते. स्नायू ताठर होतात, पंप एटीपी जाळत राहतात, आणि त्या ज्वलनातून प्रचंड कार्बन डायऑक्साइड व उष्णता निर्माण होते. याला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. नावात ताप असला तरी तापमान चढण्याची वाट पाहत बसू नये. बहुधा आधी मॉनिटरवर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चढू लागतो आणि श्वासाचे प्रमाण वाढवूनही खाली येत नाही. आणखी एक खूण शिकण्यासारखी आहे: नेहमीचे स्नायू शिथिल करणारे औषध देऊनही हा ताठरपणा जात नाही. ते औषध चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते आणि इथला बिघाड त्याच्या कितीतरी पुढे, पिशवीच्या दाराशी असतो. भुलीचा वायू तत्काळ बंद करायचा आणि थेट त्या दारावर काम करणारे डँट्रोलीन द्यायचे. त्याच्या जुन्या स्वरूपातल्या कुपीत केवळ २० मिलिग्रॅम औषध असलेली नारिंगी पूड असते आणि ती ६० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात हलवून हलवून विरघळवावी लागते. पहिली मात्रा किलोमागे २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला नऊ कुप्या. म्हणून अशा प्रसंगी डँट्रोलीन कालवण्याच्या कामालाच वेगळी माणसे लावतात.

आता मूळ प्रश्नाच्या शेवटच्या भागाकडे येतो. रक्तातले कॅल्शियम कमी झाले की पेटके का? वरच्या प्रयोगात उत्तराचा अर्धा भाग मिळालाच आहे: हातापायांच्या स्नायूला आकुंचनासाठी रक्तातल्या कॅल्शियमची तातडीची गरज नसते, त्याचा साठा आत सुरक्षित असतो. म्हणून रक्तातली पातळी घसरल्याने तो ढिला पडत नाही. दुसरा अर्धा भाग चेतातंतूत आहे. बाहेरच्या द्रवातले कॅल्शियम चेतातंतूच्या पटलाच्या बाह्य पृष्ठभागावरचे ऋण प्रभार झाकून ठेवते आणि त्यामुळे सोडियमच्या वाटा उघडण्यासाठी मोठा धक्का लागतो. कॅल्शियम कमी झाले की त्या वाटा थोडक्यानेही उघडू लागतात, आणि चेतातंतू कारण नसताना आवेगांच्या फैरी झाडू लागतो. बिचारा स्नायू त्या प्रत्येक हुकमाची अंमलबजावणी आतल्या भरपूर कॅल्शियमच्या जोरावर करतो. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटण्याला कॅल्शियम लागते, मग तेच का थांबत नाही, असे कोणी विचारेल. ते थांबण्यासाठी कॅल्शियम फारच खाली जावे लागते, आणि चेतातंतूची चिडचिड त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

दवाखान्यात हे दोन चाचण्यांनी दिसते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून दाब सिस्टोलिक, म्हणजे वरच्या आकड्याच्या रक्तदाबाहून जास्त तीन मिनिटे ठेवला, तर अशा रुग्णाचे मनगट वाकते, अंगठा तळव्याकडे ओढला जातो आणि बोटे सरळ राहून एकमेकांना चिकटतात. कानासमोर चेहऱ्याच्या चेतातंतूवर बोटाने हलके ठोकले तर ओठाचा कोपरा फडफडतो. मात्र ही दुसरी खूण काही निरोगी माणसांतही आढळते, तेव्हा तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. तीव्र पेटके असतील तर कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश, हृदयाच्या आलेखावर नजर ठेवून देतात. सावकाश का, तेही आता स्पष्ट व्हावे: स्नायूला बाहेरच्या कॅल्शियमचे सोयरसुतक नसले तरी हृदयाला ते आहे.

यावरूनच, थकवा आला म्हणून ताकदीसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेण्याला अर्थ का नाही, हेही कळेल. पातळी मुळात सामान्य असेल तर गोळीने पिशवीतला साठा वाढत नाही. जोरदार श्रमानंतर काही काळ कॅल्शियम कमी सुटते हे खरे आहे, पण त्याचे एक मोठे कारण पेशीत साचलेले फॉस्फेट हे आहे. ते पिशवीत शिरून कॅल्शियमला बांधून टाकते, आणि विश्रांती मिळाली की हे पूर्ववत होते.

शेवटी एक सूचना, कारण ही चूक वारंवार होते. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या माणसालाही हाताला असाच पेटका येतो. कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यामुळे रक्त अधिक अल्कधर्मी होते, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरचे हायड्रोजन आयन सुटतात आणि त्यांच्या जागी कॅल्शियम चिकटते. एकूण कॅल्शियम तेवढेच राहते; चेतातंतूला जाणवणारे मुक्त कॅल्शियम मात्र घटते. अशा रुग्णाचा एकूण कॅल्शियमचा अहवाल सामान्य येतो आणि पाहणारा बुचकळ्यात पडतो. आयनीभूत, म्हणजे मुक्त, कॅल्शियम वेगळे मोजून घेतले तरच ती घट दिसते, आणि श्वास संथ झाला की कॅल्शियम न देताही पेटका सुटतो.